रुक्मिणीदेवी अरुंडेल : जीवन आणि कलाशिक्षण

मद्रासच्या दक्षिणेस अड्यार नदी ओलांडली, की एके काळी शहर संपत असे. नदीच्या मुखाजवळ थिऑसॉफिकल सोसायटीची विस्तीर्ण बाग, तिच्यापुढे कोळ्यांच्या वस्त्या, मग तिरुवान्मियूरचे प्राचीन शिवमंदिर, आणि त्याच्या पलीकडे पळ्ळिकरणैच्या दलदलीच्या कडेने वसलेली पेरुंगुडीसारखी खेडी, असा तो प्रदेश होता. आज पेरुंगुडी म्हटले, की संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. 2011 साली हे गाव चेन्नई महानगरपालिकेत विलीनही झाले. परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास या वालुकामय पट्ट्याकडे व्यापारी दृष्टीने पाहण्यासारखे काही नव्हते. तिरुवान्मियूरची सुमारे शंभर एकर उजाड जमीन मिळवून तिच्यावर झाडे लावावीत, झाडांखाली मुलांना नाचायला, गायला, विणायला आणि वाचायला शिकवावे, असे एका स्त्रीच्या मनात आले, त्या वेळी ती चाळिशी ओलांडलेली, नुकतीच विधवा झालेली आणि जुन्या जागेतून निघण्याची सूचना मिळालेली होती. ही स्त्री म्हणजे रुक्मिणीदेवी अरुंडेल.

त्यांचे नाव नर्तकी म्हणून सर्वपरिचित आहे. तथापि नर्तकी म्हणून रंगमंचावरील त्यांची कारकीर्द तुलनेने अल्प होती. दीर्घ होते ते त्यांचे शिकवणे, आणि त्याहूनही दीर्घ म्हणजे शिकवण्याची व्यवस्था उभी करणे. शाळा, विणकरांचे माग, गुरुजनांची घरे, हस्तलिखितांचे ग्रंथालय आणि नाट्यगृह या सर्वांना एका आवारात आणून बसविणाऱ्या शिक्षिका म्हणूनच त्यांच्या चरित्राकडे पाहणे अधिक सयुक्तिक ठरेल.

रुक्मिणीदेवींचा जन्म 29 फेब्रुवारी 1904 रोजी मदुरै येथे झाला. वडील नीलकंठ शास्त्री हे सरकारी बांधकाम खात्यात अभियंता होते. संस्कृतचा व्यासंग आणि थिऑसॉफीची ओढ हे त्यांचे दोन विशेष. आई शेषम्माळ ही तिरुवैयारूची, म्हणजे त्यागराजांच्या गावची, आणि संगीताची जाणकार होती. वडिलांच्या बदल्यांमुळे बालपण निरनिराळ्या गावी गेले. निवृत्तीनंतर वडिलांनी अड्यारला सोसायटीच्या शेजारी घर बांधले आणि कुटुंब ॲनी बेझंट यांच्या वर्तुळात आले. मोठे बंधू श्रीराम पुढे सोसायटीचे अध्यक्ष झाले. अशा घरातल्या मुलीला संगीत शिकविले जाई. नृत्य शिकविण्याचा प्रश्नच उद्भवत नसे, कारण नृत्य ही देवदासींची विद्या मानली जात होती.

1920 साली, सोळाव्या वर्षी, त्यांचा विवाह जॉर्ज सिडनी अरुंडेल यांच्याशी मुंबईत झाला. अरुंडेल इंग्रज, थिऑसॉफिस्ट, काशीच्या सेंट्रल हिंदू कॉलेजचे माजी प्राचार्य, आणि वधूहून पंचवीस वर्षांनी मोठे. मद्रासच्या ब्राह्मण समाजात मोठा गहजब उडाला. विवाह मद्रासला न होता मुंबईला झाला, यावरूनच त्या काळच्या वातावरणाची कल्पना यावी. चरित्रकार या प्रसंगाकडे बहुधा धैर्याचा दाखला म्हणून पाहतात. ते खरेच आहे. परंतु त्याचा एक व्यावहारिक परिणामही लक्षात घ्यावयास हवा. जातीबाहेर एकदा पाऊल पडल्यावर रुक्मिणीदेवींना गमावण्यासारखी प्रतिष्ठा उरली नव्हती, आणि थिऑसॉफीच्या जागतिक वर्तुळात त्यांना दुसरी प्रतिष्ठा आयतीच लाभली होती. पुढे नृत्य शिकण्याचा निर्णय घेताना ही दुहेरी स्थिती त्यांच्या कामी आली.

पतीबरोबर त्यांनी युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया असा बराच प्रवास केला. 1925 साली त्या तरुण थिऑसॉफिस्टांच्या जागतिक संघाच्या अध्यक्ष झाल्या. 1928 मध्ये बेझंटबाईंनी त्यांना जगन्मातेच्या कल्पनेशी जोडून एक आध्यात्मिक भूमिकाही देऊ केली. ती चळवळ फार काळ टिकली नाही. त्यानंतर वर्षभरातच जे. कृष्णमूर्तींनी स्वतःभोवती उभारलेली संघटना विसर्जित केली. रुक्मिणीदेवींनी कोणतीही घोषणा न करता त्या भूमिकेकडे पाठ फिरविली. या दोन तरुणांना एकाच मंडळींनी एकाच काळात मखरात बसविले होते, आणि दोघेही तेथून उतरून अखेर शिक्षणाकडेच वळले, हा योगायोग नोंदविण्यासारखा आहे.

1924 मध्ये लंडनला त्यांनी आन्ना पाव्हलोव्हा हिचे बॅले-नृत्य पाहिले. काही वर्षांनी पाव्हलोव्हाचा संच भारतात व पुढे ऑस्ट्रेलियाकडे जात असता जहाजावर दोघींचा परिचय दृढ झाला. पाव्हलोव्हाच्या संचातील क्लिओ नॉर्डी हिच्याकडे रुक्मिणीदेवींनी बॅलेचे काही पाठ घेतले. आपल्या देशाच्या कलेकडे वळावे, असा सल्ला पाव्हलोव्हाने त्यांना दिल्याचे सर्वश्रुत आहे. एका रशियन नर्तकीने तमिळ स्त्रीला तमिळ नृत्याची वाट दाखवावी, यात विरोधाभास वाटेल. पण एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत आपल्याकडील कितीतरी पुनरुज्जीवनांचा प्रारंभ असाच परदेशाच्या आरशात पाहून झाला आहे.

त्याच सुमारास मद्रासमध्ये देवदासी-प्रथेविरुद्धची चळवळ डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली जोर धरीत होती. उलट बाजूस वकील व नर्तक ई. कृष्ण अय्यर हे प्रथा आणि कला वेगळ्या करून कला वाचवावी, असा आग्रह धरीत होते. संगीत अकादमीने त्यांच्या प्रयत्नाने पंदनल्लूर परंपरेतील कल्याणी यांच्या कन्यांचे नृत्य सादर केले. 1 जानेवारी 1933 रोजीचा त्यांचा कार्यक्रम रुक्मिणीदेवींनी पाहिला आणि शिकण्याचा निश्चय केला. तेव्हा त्यांचे वय जवळजवळ एकोणतीस होते. नर्तकीच्या दृष्टीने हे वय फार उशिराचे होय.

प्रथम मैलापूर गौरी अम्माळ या मंदिराशी संबंध असलेल्या कलावतीने त्यांना अभिनय शिकविला. त्यानंतर पंदनल्लूर मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै यांचे शिष्यत्व त्यांनी मिळविले. येथे मराठी वाचकाने क्षणभर थांबावे. मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै हे तंजावर बंधूंच्या वंशपरंपरेतले. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू हे चौघे भाऊ दुसरे सरफोजी व त्यांच्यानंतरचे शिवाजी या भोसले राजांच्या काळात तंजावरच्या दरबाराशी निगडित होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंतचा आज रूढ असलेला क्रम त्यांनीच बांधला, असे मानले जाते. स्वतः सरफोजींच्या नावावर कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस या नावाचा, नृत्यक्रमासाठी रचलेल्या मराठी रचनांचा संग्रह असून तो तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केला आहे. त्यातील कोर्वा हा शब्द तमिळ कोर्वै यापासून आलेला. जोडणे, गुंफणे हा त्याचा अर्थ. नृत्यात अडवूंची गुंफण ती कोर्वै, आणि विणकामात वेगळ्या रंगाचा काठ अंगाशी जोडून विणण्याची रीत तीही कोर्वैच. रुक्मिणीदेवींच्या आवारात हे दोन्ही अर्थ पुढे एकमेकांच्या शेजारी नांदले. एकोजींनी तंजावर घेतल्यापासून 1855 पर्यंतच्या या मराठी राजवटीत मराठी कीर्तनातल्या साक्या, दिंड्या, ओव्या तमिळ हरिकथेत गेल्या. तंजावर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनकारांकडून ती रीत उचलली, हेही संगीताच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. भरतनाट्यमचा इतिहास केवळ तमिळ इतिहास म्हणून वाचता येत नाही, तो यामुळे.

डिसेंबर 1935 मध्ये सोसायटीच्या हीरक महोत्सवी अधिवेशनात रुक्मिणीदेवींनी पहिले जाहीर नृत्य केले. श्रोत्यांत देशोदेशीचे थिऑसॉफिस्ट होते. वेषभूषा, प्रकाशयोजना, रंगमंचाची मांडणी या सर्वांत काही नवे होते. मागे उभे राहून नर्तकीबरोबर सरकणारे वादक आता एका बाजूस बैठक मांडून बसले. मंचावर नटराजाची मूर्ती आली. वेष मंदिरांच्या शिल्पांवरून सुचलेला होता, आणि शिवणकाम एका इटालियन बाईंचे होते. लगेच जानेवारी 1936 मध्ये त्यांनी अड्यारलाच कलांची आंतरराष्ट्रीय अकादमी स्थापन केली. 1938 मध्ये तिला कलाक्षेत्र हे नाव मिळाले. पहिली विद्यार्थिनी त्यांची भाची राधा.

नव्या संस्थेत कोण शिकवीत होते, हे पाहिले म्हणजे रुक्मिणीदेवींच्या कल्पनेचा आवाका कळतो. नृत्यास स्वतः मीनाक्षिसुंदरम् पिळ्ळै आणि त्यांचे जावई चोक्कलिंगम् पिळ्ळै, संगीतास टायगर वरदाचारियार, पापनाशम् शिवन्, पुढे म्हैसूर वासुदेवाचार्य, कथकळीस अंबू पणिक्कर व नंतर चंदू पणिक्कर. त्यांतले बहुतेक आपापल्या क्षेत्रातले मान्यवर वृद्ध होते आणि गुरुगृही एकेका शिष्याला शिकविण्याची त्यांची सवय होती. येथे त्यांच्यापुढे वर्ग बसला. अडवूंचे क्रम ठरले, प्रत्येक क्रम तीन लयींत, सगळ्यांनी एकाच वेळी, लाकडी पट्टीच्या ठोक्यावर करावयाचा. आराइमंडीतील गुडघ्यांचा कोन, हातांची सरळ रेषा यांवर कटाक्ष. परंपरेच्या दृष्टीने ही मोठीच घडामोड होती. गुरूच्या ओसरीतून विद्या शाळेच्या वर्गात आली.

महाराष्ट्राला ही घटना परकी वाटू नये. विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापून नेमके हेच केले होते. संगीताला प्रतिष्ठित घरांची दारे उघडावीत म्हणून त्यांनी चिजांतील शृंगारिक शब्द बदलून भक्तिपर शब्द घातले, अभ्यासक्रम आखला, पुस्तके छापली. पुढे भातखंड्यांच्या प्रेरणेने 1926 मध्ये लखनौचे मॅरिस कॉलेज निघाले. रुक्मिणीदेवींनी नृत्यात तोच सौदा केला, आणि त्यातील लाभहानीही त्याच जातीची होती. क्षेत्रय्याच्या पदांतील काही उघड शृंगार त्यांनी गाळला. नायिकेचे आवाहन देवाला उद्देशून आहे, यावर भर दिला. मात्र एक फरक विसरता येत नाही. गोमंतकात कलावंत समाजातील स्त्रियांनीच पुढे होऊन नव्या प्रतिष्ठेचा मार्ग शोधला. केसरबाई केरकर आणि रुक्मिणीदेवींच्याच वर्षी जन्मलेल्या मोगूबाई कुर्डीकर या मैफलीच्या केंद्रस्थानी राहिल्या. मद्रासमध्ये पुष्कळ अंशी उलट घडले. 1947 च्या कायद्याने देवदासी-समर्पण बंद झाले, मंदिरांतले व मिरवणुकींतले नृत्य संपले, आणि जी कला त्या घरांची होती ती ब्राह्मण मुलींच्या वर्गात रुजली. गुरू म्हणून नट्टुवनारांना काही काळ मान राहिला. नाचणाऱ्या स्त्रियांना तोही फारसा लाभला नाही.

या प्रश्नावर रुक्मिणीदेवींच्या कार्याचे सर्वांत कठोर परीक्षण एका समकालीन नर्तकीकडून झाले. टी. बालसरस्वती या वीणा धनम्माळ यांच्या नातीने शृंगार हाच या नृत्याचा गाभा असून त्याला शुद्ध करण्याची गरज नाही, अशी भूमिका आयुष्यभर घेतली, आणि 1975 मध्ये तमिळ इसै संघाच्या व्यासपीठावरून ती सविस्तर मांडली. तिच्या मते शृंगारातूनच भक्ती साध्य होते. तो काढून टाकल्यास भक्तीलाही पाया उरत नाही. साहित्यशास्त्राच्या अभ्यासकास बालसरस्वतींची बाजू अधिक बळकट वाटेल, कारण गीतगोविंदापासून पदांपर्यंतच्या परंपरेत या दोन रसांची फारकत कधीच नव्हती. रुक्मिणीदेवींची अडचण मात्र काव्यशास्त्राची नव्हती. मुलीला नृत्यास पाठवावे की नाही, या विवंचनेत असलेल्या पालकांपुढे त्या उभ्या होत्या. ज्या शाळेत आठ वर्षांची मुले येणार, त्या शाळेचा अभ्यासक्रम ठरविणारी शिक्षिका आणि आपल्या आजीची परंपरा सांभाळणारी नर्तकी, यांची निवड एकसारखी होणे कठीण होते. पुढच्या काळात स्वतः रुक्मिणीदेवींनी गीतगोविंद 1959 मध्ये रंगमंचावर आणले, हेही ध्यानात ठेवावे.

चाळीसच्या दशकात चोक्कलिंगम् पिळ्ळै एका प्रयोगाच्या तोंडावर संस्था सोडून गेले. नट्टुवांगम् म्हणजे झांजांवर ताल धरून नृत्य चालविणे हे वंशपरंपरागत पुरुषांचे काम, ते आता कोण करणार, असा पेच उभा राहिला. रुक्मिणीदेवींनी आणि त्यांच्या शिष्यांनी तो भार स्वतःवर घेतला. ही घटना वरवर किरकोळ वाटते. परंतु त्या दिवसापासून कलाक्षेत्राची नट्टुवनारांवरील अवलंबिता संपली, आणि त्याबरोबर त्या कुटुंबांचे तेथील अखेरचे अनिवार्य स्थानही गेले. एकाच कृतीत स्वावलंबन आणि परंपरेचे हस्तांतर अशी दोन्ही नावे शोभतात. इतिहासकाराने कोणते नाव पसंत करावे, हे तो कोणत्या ओसरीवर उभा आहे यावर अवलंबून राहील.

शाळेकडे रुक्मिणीदेवींचे लक्ष कलाक्षेत्राइतकेच होते. अरुंडेल दांपत्याने 1934 मध्ये अड्यारला बेझंट थिऑसॉफिकल स्कूल सुरू केले होते. के. शंकर मेनन हे त्यातील प्रमुख शिक्षक पुढे कलाक्षेत्राच्या कारभारातही त्यांचे निकटचे सहकारी राहिले. सोसायटीला शाळांची परंपरा त्याआधीचीच होती. कर्नल ऑल्कट यांनी 1894 मध्ये अड्यारच्या परिसरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मोफत शाळा काढली होती. 1939 मध्ये अरुंडेल दांपत्याच्या निमंत्रणावरून मारिया मॉन्टेसरी आपला मुलगा मारिओ याच्यासह अड्यारला आल्या. त्या वर्षाच्या अखेरीस ऑल्कट गार्डन्समध्ये त्यांच्या पहिल्या अभ्यासक्रमास देशभरातून सुमारे तीनशे शिक्षक जमले. पाठोपाठ युद्धामुळे इटलीचे नागरिक शत्रुपक्षीय ठरले, मारिओ काही काळ स्थानबद्ध झाला, आणि मॉन्टेसरीबाईंचा मुक्काम लांबत 1946 पर्यंत भारतातच राहिला. ताराबाई मोडक व गिजुभाई बधेका यांच्या कार्यामुळे मराठी-गुजराती वाचकास मॉन्टेसरी-पद्धती आधीच परिचित होती. अड्यारच्या मुक्कामामुळे तिला दक्षिणेतही ठाण मिळाले.

मुलाच्या हाताला आधी काम द्यावे, कल्पना मागाहून येतात, ही मॉन्टेसरींची दृष्टी आणि अडवू आधी, अर्थ मागाहून, ही नट्टुवनारांची दृष्टी यांत विलक्षण साम्य आहे. रुक्मिणीदेवींनी हे साम्य सिद्धान्तरूपाने मांडल्याचे दिसत नाही. त्यांनी ते आवारात घडविले. त्यांच्या शाळेत संगीत, नृत्य, चित्र, हस्तव्यवसाय हे जादा तासाचे विषय नव्हते. सकाळी झाडाखाली सर्व धर्मांच्या प्रार्थना, मग वर्ग, आणि वर्गातून थेट तालीम, असा दिनक्रम असे. शाळेची मुले नाटिकांच्या तालमी पाहत वाढत, आणि पाहता पाहता त्यांत उभी राहत. शिक्षणाच्या परिभाषेत याला आज कार्यशाळा म्हणतील. त्या आवारात त्याला नाव नव्हते.

विणकाम-केंद्र 1937 मध्ये निघाले. प्रारंभ गरजेतून झाला. नृत्याला हवे तसे रेशीम आणि रुंद काठ बाजारात मिळेनात, कारण गिरणीच्या आणि रासायनिक रंगांच्या काळात जुन्या साड्यांचे नमुने मागे पडले होते. रुक्मिणीदेवींनी घरोघरच्या पेट्यांतून जुन्या साड्या जमविल्या, त्यांतील मोतीफुले, रुद्राक्ष, मंदिराच्या गोपुरांच्या पट्ट्या असे नमुने कारागिरांपुढे ठेवले आणि ते पुन्हा मागावर चढविले. कोर्वै पद्धतीत काठाचा रंग वेगळा ठेवून तीन धोटे आणि बहुधा दोन माणसे लागतात; मागावर एक बसतो, दुसरा काठाचा धोटा पलीकडून परत फेकतो. हे काम वेळखाऊ असल्यामुळेच बाजारातून ते हद्दपार होत होते. कलाक्षेत्राची साडी या नावाने पुढे जी ओळख निर्माण झाली ती या धोट्यांची. विणकरास नृत्य शिकविले नाही आणि नर्तकीस माग चालविण्याची सक्ती केली नाही. परंतु जी मुलगी काठ नेसून नाचे, तिला तो कसा विणला जातो हे रोज जाता-येता दिसत असे. 1978 मध्ये कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या साहाय्याने कलमकारीचा विभागही याच आवारात निघाला. झाडांच्या साली, लोखंडाचा गंज व गूळ यांपासून रंग करून बांबूच्या लेखणीने कापडावर चित्रे काढण्याची ही आंध्रातली विद्या तेव्हा थोड्याच हातांत उरली होती.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना रुक्मिणीदेवींचे आणखी एक ऋण मान्य करावे लागते. जुनी तमिळ हस्तलिखिते खेडोपाडी हिंडून गोळा करणारे आणि संगम-वाङ्मय छापून जगापुढे आणणारे उ. वे. स्वामिनाथ अय्यर 1942 मध्ये निवर्तले. त्यांच्या हस्तलिखितांचा व पुस्तकांचा संग्रह विखुरण्याचे संकट आले असता, रुक्मिणीदेवींनी पुढाकार घेऊन 1943 मध्ये अड्यारला त्यांच्या नावाचे ग्रंथालय स्थापन करविले. नृत्यशाळेच्या आवारात ताडपत्रांची कपाटे आली. हा प्रसंग त्यांच्या चरित्रांत दोन ओळींत आटोपला जातो. तमिळ वाङ्मयाच्या इतिहासात मात्र त्याला त्याहून अधिक जागा द्यावी लागेल.

1945 मध्ये जॉर्ज अरुंडेल वारले. 1934 पासून ते सोसायटीचे अध्यक्ष होते, आणि त्यांच्यामुळे कलाक्षेत्राला अड्यारची जमीन, घरे, प्रतिष्ठा हे सर्व अनायासे लाभत होते. त्यांच्या पश्चात नव्या कारभाराने कला आणि अध्यात्म यांच्यात अंतर असावे असे ठरविले, आणि 1948 मध्ये संस्थेला बाहेर पडण्याची सूचना मिळाली. तिरुवान्मियूरची जमीन घेतली ती या प्रसंगातून. स्थलांतर टप्प्याटप्प्याने झाले. कलाक्षेत्र पूर्णपणे नव्या आवारात आले ते 1962 मध्ये. मधल्या वर्षांत वाळूत रोपे लावणे, पाणी घालणे, झोपडीवजा वर्ग उभारणे, आणि त्याच वेळी नृत्यनाट्ये बसविणे असे चालले होते.

नृत्यनाट्यांचा क्रम 1944 च्या कुट्राल कुरवंजीपासून सुरू होतो. तिरिकूड रासप्प कविरायर यांचे हे अठराव्या शतकातील तमिळ काव्य. कुरवंजी हा प्रकार तंजावरच्या मराठी दरबारालाही प्रिय होता. सरफोजींच्या गौरवार्थ रचलेले सरभेंद्र भूपाल कुरवंजी बृहदीश्वराच्या मंदिरात खेळले जात असे. 1947 मध्ये कालिदासाच्या कुमारसंभवाला टायगर वरदाचारियार यांनी संगीत दिले. पुढे मेलत्तूरच्या तेलुगू भागवतमेळ्यातील उषापरिणय आले. पुरुषांनीच करावयाच्या, गावाच्या देवळापुढे रात्रभर चालणाऱ्या या नाट्याला मेलत्तूरच्या भागवतरांच्या साहाय्याने रुक्मिणीदेवींनी रंगमंचाच्या मापात बसविले. 1955 ते 1970 या काळात वाल्मीकि-रामायणाची सहा भागांची मालिका झाली. प्रारंभीच्या भागांना वासुदेवाचार्यांनी नव्वदीच्या घरात असताना संगीत दिले. 1961 मध्ये ते वारल्यावर त्यांचे नातू राजाराम यांनी ते काम पुरे केले. तमिळ, तेलुगू, संस्कृत या तीन भाषांतील काव्ये एकाच संस्थेच्या मुलांच्या तोंडी आणि अंगी बसली. भाषावार प्रांतरचनेच्या त्याच वर्षांत मद्रासमध्ये भाषेचे प्रश्न किती तप्त होते हे आठवले, म्हणजे या निवडीचे मोल कळते. या नाट्यांत कथकळी शिकलेली मुले आणि भरतनाट्यम शिकलेल्या मुली एकत्र आल्यामुळे मुलग्यांना नृत्याची वाट खुली झाली. केरळातून बालवयात आलेले व्ही. पी. धनंजयन् हे त्यांतले ठळक उदाहरण. यामिनी कृष्णमूर्ती, ओडिशातून आलेल्या संयुक्ता पाणिग्रही, सी. व्ही. चंद्रशेखर हे सर्व येथूनच गेले, आणि प्रत्येकाने कलाक्षेत्राच्या शिस्तीशी आपापल्या परीने फारकत घेतली. हीही त्या शिक्षणाचीच एक कसोटी मानावी लागेल.

त्या शिस्तीविषयी तक्रारी होत्याच. सगळ्यांच्या हातांच्या रेषा सारख्या, सगळ्यांचे हसू सारखे, अशी टीका मद्रासच्या रसिकांत वारंवार ऐकू येई. तीत तथ्य होते. वर्गात शिकविलेली कला एका मापाची होण्याकडे झुकते, आणि बालसरस्वतींच्या अभिनयात ऐन वेळी जे स्फुरे ते वर्गाच्या हाती लागत नाही. रुक्मिणीदेवींचे लक्ष समूहाकडे होते. नृत्यनाट्यात साठ पावले एकाच क्षणी पडायची, तर साठ जणांना एकच पाऊल शिकवावे लागते.

1952 मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नियुक्त केले आणि 1956 मध्ये पुन्हा. कलावंत म्हणून नियुक्त झालेल्या या सदस्येने सभागृहात आपला पहिला मोठा प्रयत्न केला तो प्राण्यांसाठी. त्यांचे खाजगी विधेयक सरकारने स्वतः हाती घेण्याच्या आश्वासनावर मागे घेतले गेले, आणि 1960 मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. 1962 मध्ये निघालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्ष. 1956 चे पद्मभूषण, 1957 चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, 1967 ची अकादमीची अधिछात्रवृत्ती हे सन्मान क्रमाने आले. 1977 मध्ये मोरारजी देसाई यांनी राष्ट्रपतिपदासाठी त्यांचे नाव पुढे केले असता त्यांनी नकार दिला. सोसायटीच्या अध्यक्षपदाची निवडणूक मात्र 1980 मध्ये त्यांनी लढविली, आणि त्यांची पहिली विद्यार्थिनी, भाची राधा बर्नियर हिच्याकडून त्या पराभूत झाल्या.

वय सत्तरीच्या पलीकडे गेले तरी शिकविणे थांबले नाही. केरळच्या मंदिरांतील कूत्तंबलमच्या धर्तीवर, डी. अप्पुक्कुट्टन् नायर यांच्या मार्गदर्शनाखाली, तिरुवान्मियूरच्या आवारात नाट्यगृह उभे राहिले. 1984 मध्ये मीरेवरील नृत्यनाट्य त्यांनी बसविले. ते त्यांचे अखेरचे. दक्षिणेच्या कथांत चार दशके रमलेल्या या शिक्षिकेने शेवटी राजस्थानची आणि घर सोडणारी नायिका निवडली. तिने मागितलेला कृष्ण आणि क्षेत्रय्याच्या नायिकेने मागितलेला कृष्ण यांत त्यांनी एके काळी जे अंतर मानले होते, ते या प्रयोगापर्यंत पुष्कळ कमी झालेले दिसते.

24 फेब्रुवारी 1986 रोजी रुक्मिणीदेवी निवर्तल्या. संस्थेला पन्नास वर्षे झाली होती. सात वर्षांनी, 1993 मध्ये, संसदेने कलाक्षेत्र प्रतिष्ठानाचा कायदा संमत करून संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता दिली, आणि तिची मालमत्ता, शाळा व विणकाम-केंद्र यांची व्यवस्था नव्या मंडळाकडे गेली. तोवर तिरुवान्मियूरच्या वाळूतली झाडे इतकी वाढली होती, की रस्त्यावरून जाणाऱ्यास आवारातले वर्ग दिसत नसत, फक्त पट्टीचा ठोका ऐकू येई.